पंचनामा नसलेली जखम

चंद्रपूर-गडचिरोलीत ‘पंचनामा’ हा शब्द शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. वाघाने माणूस मारला की वनरक्षक येतो, जागेची पाहणी होते, साक्षीदारांच्या सह्या होतात, शवविच्छेदन होते आणि कागद पुढे सरकतो. वन्यप्राण्याच्या हल्ल्यातील मृत्यूसाठी राज्य सरकारची मदत टप्प्याटप्प्याने वाढत २५ लाख रुपयांपर्यंत आली आहे. अंगावर वीज पडून माणूस गेला तर ४ लाख. शेतात साप चावून शेतकरी दगावला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून २ लाख. हे पैसे हातात पडेपर्यंत किती खेटे घालावे लागतात हा वेगळा विषय. पण कोणते दार ठोठावायचे, एवढे तरी गावाला माहीत असते.

आता याच जिल्ह्यांतली पंधरा वर्षांची एखादी मुलगी तायक्वांदोच्या मॅटवर उभी आहे असे समजू. डोक्याला हेडगार्ड, छातीला चेस्टगार्ड, दातांत माउथगार्ड. समोरच्या मुलीची फिरती लाथ कानशिलावर बसते. ती गुडघ्यावर येते. पंच बोटे मोजतो, ‘ठीक आहेस ना?’ विचारतो. ती मान डोलावते आणि बाऊट पूर्ण करते. परतीच्या एसटीत तिला मळमळते, डोके ठणकते. वसतिगृहात पोचल्यावर जेवण न करताच ती झोपते. जिल्हास्तरावरून रौप्यपदक आल्याची नोंद शाळेच्या फळ्यावर होते. कानशिलावर बसलेल्या लाथेची नोंद कुठेच होत नाही.

तिच्या प्रवेशअर्जाच्या तळाशी मात्र एक ओळ असते. अशा स्पर्धांच्या अर्जांवर ती थोड्याफार फरकाने सगळीकडे दिसते: स्पर्धेदरम्यान इजा झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत. त्याखाली पालकाची सही, नाहीतर अंगठा. विम्याचा रकाना क्वचितच असतो. त्या अर्जावर पॉलिसीचा क्रमांक लिहायची जागा का नाही आणि ती कशी होईल, हाच या आढाव्याचा विषय आहे.

मॅटवर कोण उतरते?

लाथ किंवा ठोसा प्रत्यक्ष अंगावर बसतो आणि जोरात बसला तरच गुण मिळतो, अशा खेळांना ‘फुल कॉन्टॅक्ट’ म्हणतात. बॉक्सिंग, तायक्वांदो, किकबॉक्सिंग, वुशूतला सांदा हा प्रकार, क्योकुशिन कराटे, एमएमए ही त्यातली मुख्य नावे. कुस्ती आणि ज्यूदोत ठोसे नसतात, पण मान आणि गुडघा तिथेही पणाला लागतो. कबड्डीला मार्शल आर्ट म्हणता येत नाही. तरी चढाईपटूवर पाच जण तुटून पडतात तेव्हा होणारी इजा याच जातीची असते.

हे खेळ महानगरांपुरते राहिलेले नाहीत. समग्र शिक्षा अभियानातल्या राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षणामुळे सहावीपासूनच्या मुलींसाठी तीन महिन्यांचे कराटे, तायक्वांदो किंवा ज्यूदोचे वर्ग सरकारी शाळांत आले. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बॉक्सिंग, तायक्वांदो, वुशू, कराटे, किकबॉक्सिंग आहेत. गडचिरोली पोलीस दल दुर्गम भागातल्या तरुणांसाठी बिरसा मुंडा यांच्या नावाने कबड्डी स्पर्धा भरवते. शिवाय सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पोलीस भरतीसाठी पहाटे चारला उठून धावणाऱ्या पोरांच्या घरात खेळाच्या प्रमाणपत्राला नोकरीच्या आशेची किंमत असते. ते प्रमाणपत्र मिळवायला गर्दीच्या खेळांपेक्षा वुशू किंवा किकबॉक्सिंगची वाट जवळची वाटते, म्हणून मुले तिकडे वळतात.

धोका पत्करायला ही मुले कचरत नाहीत, याचा मोठा पुरावा चंद्रपूरनेच दिला आहे. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मध्ये बोर्डा, देवाडा, जिवती इथल्या शासकीय आश्रमशाळांतले दहा विद्यार्थी एव्हरेस्टवर गेले आणि मे २०१८ मध्ये त्यांतल्या पाच जणांनी शिखर गाठले. ती मोहीम सरकारची होती. निवड, प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी सगळे आखून झाले होते. गावातल्या समाजमंदिरात भरणाऱ्या तायक्वांदोच्या वर्गामागे अशी कोणतीच यंत्रणा उभी नसते. तिथे एक सर असतात, भाड्याच्या चार मॅट असतात आणि तीस मुले असतात.

जखम आणि अंतर

या खेळांतल्या बहुतेक जखमा जीवघेण्या नसतात. मुरगळलेला घोटा, फुटलेली नडगी, तुटलेला दात, निखळलेला खांदा. त्याखालोखाल गुडघ्यातली लिगामेंट. ती तुटली तर शस्त्रक्रिया, त्यानंतर सहा ते नऊ महिने खेळ बंद, आणि खासगी रुग्णालयात खर्च लाखाच्या पुढे सहज जातो.

खरी भीती डोक्याची. तायक्वांदोच्या जागतिक नियमांत अंगावरच्या लाथेला २ गुण, डोक्यावरच्या लाथेला ३ आणि गिरकी घेऊन डोक्यावर मारलेल्या लाथेला ५ गुण आहेत. म्हणजे खेळाचे गणितच डोक्याकडे बोट दाखवते. हेडगार्डमुळे कातडी फाटत नाही, कवटीला तडा जाण्याची शक्यता कमी होते. पण आतला मेंदू हादरायचा तो हादरतोच. मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचू लागले तर खेळाडू सुरुवातीला शुद्धीवर असतो, बोलतो, चालतो. काही वेळाने उलटी, गुंगी, अडखळणारे बोलणे सुरू होते. तेव्हा हाती थोडा वेळ उरलेला असतो, आणि त्या वेळात सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन दोन्ही लागतात.

चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. गडचिरोलीहून त्याहून जास्त. सिरोंचा ते गडचिरोली हेच अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात जाते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटते, आणि शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो. चंद्रपुरात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीतही आता आले आहे. तरी मेंदूच्या शस्त्रक्रियेची वेळ आली की वाट नागपूरचीच धरावी लागते.

ही वाट फक्त रुग्णाची नसते. आईवडील सोबत जातात. जुलै-ऑगस्ट म्हणजे धानाच्या रोवणीचे दिवस. रोवणीच्या हंगामात पंधरा दिवस नागपूरच्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात काढले तर त्या घराची वर्षातली मोठी मजुरी बुडते. उपचार फुकट झाले तरी हे नुकसान कोणत्याही बिलात दिसत नाही.

आज डोक्यावर कोणते छत्र आहे?

अगदीच काही नाही असे म्हणणे बरोबर होणार नाही. छत्र्या आहेत, पण त्या तुकड्यातुकड्यांनी आहेत आणि बऱ्याच जणांना त्यांचा पत्ता नाही.

पहिली छत्री शाळकरी मुलांची. राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. जून २०२२ च्या सुधारित निर्णयानुसार अपघाती मृत्यूला दीड लाख, दोन अवयव किंवा दोन डोळे गमावल्यास १ लाख, एक अवयव किंवा एक डोळा गमावल्यास ७५ हजार रुपये मिळतात. त्या निर्णयात एक कलम असे आहे की ते प्रत्येक क्रीडाशिक्षकाने भिंतीवर चिकटवून ठेवावे: क्रीडास्पर्धेत खेळताना जखमी झालेल्या विद्यार्थ्याला रुग्णालयाचा प्रत्यक्ष खर्च, जास्तीत जास्त १ लाखापर्यंत. प्रस्ताव शाळेमार्फत जातो, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती निर्णय घेते. हा विमा नाही, अनुदान आहे. हप्ता भरावा लागत नाही. पण प्रस्तावासाठी कागद लागतात: मुख्याध्यापकांचे पत्र, रुग्णालयाची बिले, घटनेचा पुरावा. घटनेच्या दिवशी कुणी दोन ओळी लिहून ठेवल्या नसतील तर महिन्याभराने हा पुरावा आणायचा कुठून?

दुसरी छत्री उपचाराची. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य आणि आयुष्मान भारत या एकत्रित योजनांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि राज्यातल्या सर्व रहिवाशांना ती आता खुली आहे. मेंदूची किंवा हाडांची शस्त्रक्रिया योजनेतल्या रुग्णालयात झाली तर मोठा भार उतरतो. बुडालेली मजुरी, प्रवास, नंतरची फिजिओथेरपी आणि कायमचे अपंगत्व यांचा भार मात्र घरावरच राहतो.

तिसरी छत्री अठरा वर्षांवरच्यांची. २०१५ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयोगटासाठी आहे. वर्षाला २० रुपये बँक खात्यातून कापले जातात. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी उच्च व तंत्रशिक्षण विभागाने २०२४ मध्ये समूह अपघात विमा आणला: २० रुपयांत १ लाख, ६२ रुपयांत ५ लाख. गोंडवाना विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत उतरणाऱ्या बॉक्सरला ६२ रुपयांचा हा हप्ता परवडणार नाही असे नाही; त्याला तो कुणी सांगितलेला नसतो.

चौथी छत्री वरच्या पातळीवरच्या खेळाडूंची. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने २०२१ मध्ये राष्ट्रीय शिबिरांतले, खेलो इंडियातले आणि आपल्या केंद्रांतले खेळाडू, प्रशिक्षक, साहाय्यक असे १३ हजारांहून अधिक जण विम्याखाली आणले: वर्षाला ५ लाखांचा आरोग्य विमा आणि अपघात किंवा मृत्यूसाठी २५ लाख. याशिवाय १९८२ पासूनचा खेळाडू कल्याण निधी आहे. आज त्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचे नाव आहे आणि सराव किंवा स्पर्धेतल्या दुखापतीच्या उपचारासाठी त्यातून १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. पण हा सगळा पदकांच्या जवळ पोचलेल्यांचा प्रदेश आहे.

या चार छत्र्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बरेच जण भिजतात. बारावी झालेला आणि महाविद्यालयात नसलेला भरतीवाला. क्लबच्या बेल्ट टेस्टमध्ये जखमी झालेला सातवीतला मुलगा. कारण ती शाळेची स्पर्धा नव्हती, म्हणून शाळा हात झटकते. खुल्या किकबॉक्सिंग स्पर्धेला पाचशे रुपये प्रवेशशुल्क भरून गेलेला तरुण. आणि वर्षानुवर्षे हातात पॅड धरून पोरांच्या लाथा झेलणारे सर, ज्यांच्या मनगटाची आणि खांद्याची कुणी कधी चौकशी केलेली नसते.

‘अपघात’ कशाला म्हणायचे?

मोकळी जागा बुजवायला खासगी अपघात पॉलिसी घ्यावी म्हटले तर बारीक अक्षरांशी गाठ पडते. विमा नियामकाच्या प्रमाणित व्याख्येनुसार अपघात म्हणजे बाह्य, दिसणाऱ्या आणि जोरकस कारणाने घडलेली अचानक, अनपेक्षित, अनैच्छिक घटना. आता रिंगमध्ये बसलेला ठोसा अनपेक्षित म्हणायचा का? ठोसा बसणार हे तर दोघांनाही माहीत होते. पण मेंदूत रक्तस्राव होणे कुणालाच अपेक्षित नव्हते. विमादाव्यातला वाद याच फटीत उभा राहतो. फौजदारी कायद्याने संमतीचा प्रश्न बराच आधी हाताळला आहे: भारतीय दंड संहितेच्या कलम ८७ खाली उदाहरण होते ते मौजेखातर तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे. नियमाने खेळताना झालेली इजा गुन्हा ठरत नाही. नियम मोडून, निष्काळजीपणाने खेळवले तर मात्र ठरतो, आणि प्रवेशअर्जाखालची सही त्यातून आयोजकाला सोडवत नाही.

दुसरी अट ‘धोकादायक खेळां’ची. आरोग्य विम्यातल्या प्रमाणित वगळणुकींत गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटार शर्यत, स्कूबा डायव्हिंग अशी यादी आहे. त्यात मार्शल आर्टचे नाव नाही. पण यादी ‘यापुरती मर्यादित नाही’ असेही लिहिले आहे. याच कलमातला सर्वांत कामाचा शब्द आहे ‘व्यावसायिक’. वगळणूक आहे ती व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्याला. शालेय स्पर्धेत खेळणारा विद्यार्थी व्यावसायिक नाही. दावा नाकारला गेला तर हाच शब्द धरून आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे आणि मग विमा लोकपालाकडे जाता येते.

वैयक्तिक अपघात विम्यात माणसांचे धोक्याप्रमाणे गट पाडण्याची जुनी पद्धत आहे. सर्वांत धोक्याच्या तिसऱ्या गटात कोण? भूमिगत खाणीतला कामगार, स्फोटकांच्या कोठारात काम करणारा, उच्च दाबाच्या वीजवाहिनीवर चढणारा, सर्कशीतला कलावंत, घोड्यावरचा जॉकी, गिर्यारोहक, पोलो खेळणारा. कोळसा खाणी, दारूगोळा कारखाना आणि महाऔष्णिक वीज केंद्र असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात या गटातली घरे गल्लोगल्ली आहेत. ‘तत्सम धोक्याचे उद्योग’ या शेवटच्या शब्दांत किकबॉक्सरही बसवता येतो. म्हणून प्रस्ताव भरताना खेळ लपवू नये. हप्ता थोडा वाढेल, पण दाव्याच्या वेळी ‘माहिती दडवली’ हा शेरा बसणार नाही.

तिसरी अडचण तक्त्याची. अपघात पॉलिसी मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाला पैसे देते. हात, पाय, डोळा, बोट यांचे टक्के ठरलेले असतात. तुटलेली लिगामेंट या तक्त्यात येत नाही, कारण ती जोडता येते. खेळाडूला जास्त गरज असते ती नेमकी याच खर्चाची. त्यासाठी रुग्णालय खर्चाची आणि कामावर न जाता आलेल्या आठवड्यांच्या भरपाईची जोड मागून घ्यावी लागते. एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांनी द्यावयाच्या ‘सरल सुरक्षा विमा’ या प्रमाणित पॉलिसीत अडीच लाखांपासून १ कोटीपर्यंत संरक्षण आहे आणि या दोन्ही जोडण्या ऐच्छिक म्हणून उपलब्ध आहेत. ऐच्छिक म्हणजे मागितल्या तरच मिळणाऱ्या.

तीन मृत्यू

जुलै २०२२. बेंगळुरूत राज्यस्तरीय किकबॉक्सिंग स्पर्धेत म्हैसूरचा एक तरुण डोक्यावर ठोसा बसून रिंगमध्येच कोसळला आणि दोन-तीन दिवसांत गेला. जागेवर पुरेशी वैद्यकीय सोय नव्हती असा कुटुंबाचा आरोप होता. आयोजकावर निष्काळजीपणाने मृत्यूस कारण ठरल्याचा गुन्हा नोंदला गेला. पुढच्याच महिन्यात चेन्नईत राष्ट्रीय किकबॉक्सिंग स्पर्धेत अरुणाचल प्रदेशचा एक खेळाडू डोक्याच्या दुखापतीने दगावला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मोहालीजवळ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ वुशू स्पर्धेत जयपूरचा एक विद्यार्थी लढतीतच खाली पडला. त्याच्याबाबतीत संशय हृदयविकाराचा होता.

तिन्ही तरुण मॅटवर पडले, पण विम्याच्या कागदावर तिघांची गोष्ट एक होत नाही. पहिल्या दोघांना बाहेरून मार लागला. तिसऱ्याचे हृदय बंद पडले असेल तर तो अपघात की आजार? सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये अलका शुक्ला यांच्या प्रकरणात सांगितले आहे की मोटारसायकल चालवताना हृदयविकाराचा झटका येऊन पडलेल्या माणसाच्या मृत्यूला अपघाती मृत्यूचा लाभ लागू होत नाही. हाच निकष मॅटवर लावला तर केवळ अपघात विमा पुरत नाही. स्पर्धेआधीची हृदयाची तपासणी आणि साधा जीवन विमा दोन्ही लागतात.

महाराष्ट्रातले उदाहरण कुस्तीचे आहे. २०१८ मध्ये पन्हाळा तालुक्यातल्या बांदिवडे गावच्या जत्रेत कुस्ती चालू असताना विशीतल्या एका मल्लाच्या मानेला जबर मार बसला आणि काही दिवसांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. ज्या कोल्हापुरात तालमींना शतकाची परंपरा आहे, तिथली ही गत. मग जिथे तालीम कालपरवा सुरू झाली, तिथे काय असेल?

मोजले म्हणून वाचले

जपानमधली गोष्ट इथे सविस्तर सांगण्यासारखी आहे. ज्यूदो आणि कराटेच्या या देशात शाळेतल्या दुखापतीवर परस्पर-साह्य निधीतून भरपाई मिळते. हा निधी जपान क्रीडा परिषद चालवते, आणि भरपाई मिळते म्हणून शाळा घटना कळवते. नागोया विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ र्‍यो उचिदा यांनी या भरपाईच्या नोंदी वर्षावर्षाने लावल्या. १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत शाळांमध्ये ज्यूदो खेळताना शंभराहून अधिक मुले दगावल्याचे त्यातून बाहेर आले. बहुतेक मृत्यू डोक्याच्या इजेने, आणि त्यात नवशिके जास्त. पीडित पालकांनी संघटना उभारली, प्रशिक्षणाच्या पद्धती बदलल्या, कोणते डाव नवशिक्यावर टाकायचे नाहीत हे ठरले. त्यानंतर मृत्यू झपाट्याने घटले. तिथे क्लबसाठी वेगळा विमाही आहे: १९७० मध्ये स्थापन झालेल्या क्रीडा सुरक्षा संघटनेकडे चार किंवा अधिक जणांचा गट नोंदवता येतो आणि मुलांसाठी वर्षाचा हप्ता ८०० येनच्या आसपास असतो.

भरपाईसाठी लिहिलेल्या कागदांतून मुले कशी मरतात हे कळले आणि कळल्यावर मरणे थांबवता आले. विम्याचा हा उपयोग पैशापेक्षा मोठा आहे.

गडचिरोलीला हे नव्याने शिकवायला नको. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९८६ पासून इथल्या गावांत बालमृत्यू घरोघर मोजले. घरीच नवजात बाळाची काळजी घेतल्याने मृत्यू किती कमी होतात, हे १९९९ मध्ये लॅन्सेटमधून जगापुढे आले आणि पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ती पद्धत उतरली. सरकारी नोंदींत न दिसणारे बालमृत्यू ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवून दिले. ज्या जिल्ह्याने मोजण्याची ताकद देशाला दाखवली, त्या जिल्ह्यात खेळातली दुखापत मोजली जाऊ नये, हे खटकते.

अमेरिकेतला धडा वेगळा. तिथे १९९६ च्या संघीय कायद्याने व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये रिंगजवळ डॉक्टर, रुग्णवाहिका किंवा साधनांसह वैद्यकीय पथक आणि प्रत्येक बॉक्सरचा आरोग्य विमा सक्तीचा केला. तरी २ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दहा फेऱ्या मार खाल्लेला रशियन हेवीवेट मागोमेद अब्दुसलामोव टॅक्सीने रुग्णालयात गेला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो वाचला, पण कायमचा परावलंबी झाला. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने त्याच्या कुटुंबाला २ कोटी २० लाख डॉलर देऊन खटला मिटवला. त्याच्या आदल्या वर्षी कायदा बदलून उपचाराच्या विम्याची किमान रक्कम १० हजारांवरून ५० हजार डॉलर केली होती आणि मेंदूच्या जीवघेण्या इजेसाठी १० लाख डॉलरचे वेगळे संरक्षण घातले होते. नियम असूनही रुग्णवाहिकेऐवजी टॅक्सी आली, हे विसरून चालणार नाही. विमा काढला तरी रिंगपाशी डॉक्टर लागतोच.

गोविंदाला जे मिळाले

महाराष्ट्राला हे जमत नाही असेही नाही. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची घोषणा केली आणि गोविंदांसाठी मदत ठरवली: मृत्यूला १० लाख, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गमावल्यास साडेसात लाख, एक गमावल्यास ५ लाख. २०२३ मध्ये ५० हजार गोविंदांचा समूह विमा माणशी ७५ रुपये हप्त्याने सरकारने काढला. एकूण खर्च साडेसदतीस लाख. २०२५ मध्ये ही संख्या दीड लाखावर गेली. मंडळांनी मागणी केली, उच्च न्यायालयात वाद झाले, वृत्तपत्रांनी पडलेल्या गोविंदांचे आकडे दरवर्षी छापले. त्यातून हे घडले. म्हणजे इथेही आधी मोजणी झाली, मग विमा आला.

दहीहंडीचा विमा काही दिवसांचा असतो आणि मॅटवरचा सराव वर्षभराचा, तेव्हा दर तोच राहणार नाही. पण उदाहरणापुरता हिशेब मांडला तर एका तालुक्यातल्या दोनशे खेळाडूंसाठी ७५ रुपये दराने १५ हजार होतात. दर चौपट धरला तरी ६० हजार. एका खुल्या स्पर्धेच्या मंडप, ध्वनिक्षेपक आणि ट्रॉफींचा खर्च याच्या आसपास जातो.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न या दोन जिल्ह्यांत तरी अवघड नाही. चंद्रपूरचा कोळसा आणि सुरजागडचे लोहखनिज यांच्या स्वामित्वधनाच्या प्रमाणात खाणधारकांकडून जिल्हा खनिज प्रतिष्ठानांकडे निधी येतो, आणि आरोग्य व शिक्षण ही त्या निधीची प्राधान्याची क्षेत्रे आहेत. जिल्हा नियोजन समिती आहे. खाण कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी आहे. अडचण निराळी आहे: विमा काढायला खेळाडूंची यादी लागते आणि यादी करायला मान्यताप्राप्त संघटना लागते. कराटेच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता भारतीय ऑलिम्पिक संघटनेने २०२० मध्ये काढली होती; तायक्वांदोतही संघटनांची भांडणे वर्षानुवर्षे चालली. कोणती संघटना खरी या वादात मुलाचा विमा अडकू नये. म्हणून यादी जिल्हा क्रीडा कार्यालयाने करावी. स्पर्धेचे अर्ज तिथेच येतात, नावे-वये तिथेच नोंदली जातात. समूह पॉलिसीसाठी आणखी काही लागत नाही.

विम्याचे नाव काढले की पालक घाबरतात, मुली येईनाशा होतात, अशी शंका काही प्रशिक्षक घेतात. ती मनापासूनची आहे. वर्ग चालवणे किती कष्टाचे असते हे त्यांनाच ठाऊक. पण आई मुलीला पाठवते ती सरांच्या भरवशावर. इजा झाल्यावर तो भरवसा तुटला तर एक मुलगी नव्हे, गावच्या सगळ्या मुली वर्गातून उठतात.

तेव्हा मागण्या चारच आहेत. प्रवेशअर्जावर ‘जबाबदार राहणार नाही’ या ओळीच्या वर पॉलिसी क्रमांकाचा रकाना यावा. प्रत्येक स्पर्धेत दुखापत नोंदवही असावी: नाव, वेळ, कुठे मार बसला, काय केले, डॉक्टरची सही. डोक्याला मार बसून बाद झालेल्या खेळाडूला किमान ३० दिवस खेळू देऊ नये. बॉक्सिंग आणि तायक्वांदोच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ही अट आहेच, ती तालुक्याच्या मॅटवरही पाळली जावी. आणि डॉक्टर व रुग्णवाहिका आल्याशिवाय पहिली बाऊट सुरू होऊ नये.

सरकारी निर्णय होईल तेव्हा होईल. प्रशिक्षकांनी आणि पालकांनी त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. मुलगा अठरा वर्षांचा झाला असेल तर उद्या बँकेत जाऊन २० रुपयांची सुरक्षा विमा योजना चालू करावी. महाविद्यालयात असेल तर ६२ रुपयांच्या विम्याबद्दल कार्यालयात विचारावे. शाळेत असेल तर इजा झाली त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी कळवावे, रुग्णालयाची प्रत्येक पावती जपावी आणि विद्यार्थी अपघात सुरक्षा योजनेचा प्रस्ताव मागावा. त्यात स्पर्धेतल्या दुखापतीसाठी १ लाखापर्यंतची तरतूद आज, आत्ता, आहे. क्लबच्या स्पर्धेला जाताना प्रवेशशुल्काची पावती घेण्याआधी आयोजकांना पॉलिसीचा क्रमांक आणि डॉक्टरचे नाव विचारावे. उत्तर मिळाले नाही तर त्या दिवशी मुलाला मॅटवर उतरवू नये.